कोऱ्या पानावरची तिरकी रेघ

ज्याचा दिवस आधीच भरलेला आहे, त्याने लिहावे केव्हा? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न नीट वाचा, त्यातले शब्द समजून घ्या आणि मगच पेन उचला, असे मी वर्गात गेली तेवीस वर्षे सांगत आले. तेव्हा आधी माझाच प्रश्न नीट वाचते. ‘भरलेला दिवस’ म्हणजे विश्रांतवाडीहून सकाळी सहा दहाच्या बसने निघून नारायण पेठेतल्या शाळेत पोहोचणे, सहा तास शिकवणे, परतताना भाजी घेणे, स्वयंपाक, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे आणि टेबलावर वाट पाहणारा वह्यांचा गठ्ठा. ‘लिहिणे’ म्हणजे सभेचे इतिवृत्त नव्हे, प्रगतिपुस्तकावरचा शेरा नव्हे आणि स्नेहसंमेलनाचे प्रास्ताविकही नव्हे. कोणी मागितलेले नाही आणि न लिहिल्याने कोणाचे काही अडत नाही, असे लिहिणे. त्यासाठी वेळ केव्हा काढावा, एवढाच प्रश्न आहे.

यंदाचा मार्च आला आणि प्रश्न पुन्हा जागा झाला. काल आम्ही वर्गावर्गांतून बाकांवर खडूने बैठक क्रमांक घातले. खडूची बारीक पूड बोटांच्या पेरांत बसते आणि दिवसभर निघत नाही. शाळेच्या मागच्या अंगणात कडुनिंब फुललेला आहे. त्याचा तो कडसर गोड वास खिडकीतून आत येतो आणि घामाच्या, शाईच्या, नव्या सुतळीच्या वासात मिसळतो. ज्यांचे आयुष्य शाळेत गेले, त्यांच्यासाठी हा एक स्वतंत्र ऋतू आहे. पंचांगात तो नाही. पण या वासाने मला दर वर्षी तीन वर्षांपूर्वीचे ते अडीच महिने आठवतात, कारण माझ्या प्रश्नाचे जे काही उत्तर मला मिळाले, ते त्या अडीच महिन्यांत मिळाले.

त्या वर्षी जानेवारीत आप्पा आमच्याकडे राहायला आले. आप्पा म्हणजे माझे वडील. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार मालाची मापे तपासण्याच्या विभागात त्यांनी सगळी नोकरी केली. एक केसभर कमी नाही, एक केसभर जास्त नाही, हे त्यांचे काम आणि हाच त्यांचा स्वभाव. निवृत्तीनंतरही ते खडकीतच छोट्या घरात एकटे राहत होते. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि तो फार उशिरा कळला. गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवू, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेली म्हणजे समोरचा एक लहान गोल. कडा सगळ्या गेलेल्या.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला सगळे नातेवाईक जमले असताना मी सर्वांसमोर म्हटले होते की मी आईवर लिहिणार आहे. असे काही बोलू नये हे मला आता कळते. लिहिण्याचा विषयही तेव्हाच ठरला होता. माझ्या लहानपणी आई रोज दुपारी आप्पांचा डबा घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत चालत जायची आणि सुट्टीच्या दिवसांत मी तिच्याबरोबर असायची. त्या वाटेवर मला लिहायचे होते. आठ वर्षांत मी त्याची सुरुवात किती वेळा केली, त्याची नोंद माझ्या वहीत आहे: अकरा वेळा. अकराही वेळा पहिल्याच परिच्छेदात थांबले.

आप्पा आले त्याच आठवड्यात एका सकाळी चहा पिताना त्यांनी विचारले, “नंदा, तुझं ते आईवरचं झालं का लिहून?”

“मेच्या सुट्टीत करणार आहे, आप्पा.”

“कुठल्या मेच्या?”

माझे पती अरविंद पेपर वाचत होते. ते पेपराआडून हसले, हे मला पेपर हलल्यावरून कळले.

“झालं की वाचून दाखवीन ना तुम्हाला,” मी म्हणाले.

“वाचून दाखवायचं असेल तर राहू दे.” आप्पांनी कप बशीत ठेवला. तो बरोबर बशीच्या मध्यावर बसला की नाही, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. “तिच्याबद्दलचं मी माझ्या डोळ्यांनी वाचणार. तू वाचायला बसलीस की रडणार, मग मला तुझ्याकडे बघावं लागणार. माझं वाचायचं राहून जाईल.”

एवढे बोलून ते गॅलरीत जाऊन बसले. डोळ्यांतला तो गोल किती दिवस राहील, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. सांगता येतही नसते. पण त्या सकाळपासून माझ्या लिहिण्याला पहिल्यांदाच मुदत लागली, आणि ती माझ्या हातात नव्हती.

आता परीक्षेतल्या पर्यवेक्षणाविषयी थोडे सांगायला हवे. ज्यांनी ते केलेले नाही त्यांना त्याची गंमत कळणार नाही. दहावीच्या पेपरला तुम्ही पर्यवेक्षक म्हणून वर्गात असता तेव्हा तीन तास तुम्ही काहीही वाचायचे नाही, काहीही लिहायचे नाही, मोबाईल बाहेर जमा. फक्त पाहायचे आणि फिरायचे. डोक्यावर पंखा एका ठरावीक ठिकाणी आला की कुरकुरतो. पंचवीस पेने कागदावर चालत असतात, आणि त्यांचा मिळून एक आवाज होतो, वाळलेल्या पानांतून काहीतरी सरपटत गेल्यासारखा. मध्येच कोणीतरी हात वर करते, “बाई, पुरवणी,” आणि मी पुरवणी व दोरा नेऊन देते. माझ्याजवळ पेन आहे, कागद आहेत, शांतता आहे आणि चक्क तीन तास आहेत. नेमकी लिहायला मनाई आहे.

त्या मार्चमध्ये मी ठरवले की हे तीन तास वाया घालवायचे नाहीत. बाकांच्या एका रांगेतून जाताना एक वाक्य रचायचे, परत येताना ते मनात घोकायचे. चार रांगा, चार वाक्ये. पद्धत मला आवडली, कारण ती पद्धत होती. पेपर संपला, गठ्ठा सुतळीने बांधून कार्यालयात जमा केला की मी बस थांब्याकडे निघायची. पण थांब्यापर्यंत जाता जाता मीच त्या वाक्यांना प्रश्न विचारायला लागे. हा शब्द इथे शोभतो का? हा दोनदा आला नाही का? बस येईपर्यंत चार वाक्यांचे एक उरलेले असायचे, आणि विश्रांतवाडीला उतरेपर्यंत तेही मी नापास केलेले असायचे. माझ्या वहीत त्या महिन्यात शेवटी जे वाक्य टिकले, ते प्रामाणिकपणे इथे देते: ‘मध्याह्नीच्या प्रखर उन्हात ती माउली पतीसाठी भोजन घेऊन निघत असे.’ आमच्या घरात आईला कोणी कधी माउली म्हटलेले नाही. आणि ती भोजन नेत नव्हती, भाकरी नेत होती.

आप्पा अधूनमधून विचारत, “आज किती?” मी म्हणे, “एक वाक्य.” ते मान हलवत. कारखान्यात एका दिवसात एकच नग तपासून कोणी उठला असता तर काय झाले असते, हे ते बोलून दाखवत नसत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेची नववीची वार्षिक परीक्षा झाली आणि अठ्ठावन्न उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या जेवणाच्या टेबलावर आला. रविवार होता. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या नीलमोहराची जांभळी फुले खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर पडली होती, आणि समोरच्या रसवंतीच्या चरकाचे घुंगरू अकरा वाजल्यापासूनच वाजू लागले होते. मी लाल पेन घेऊन बसले होते. आप्पा शेजारच्या खुर्चीत. त्यांना दिवसातून चार वेळा दोन निरनिराळ्या औषधांचे थेंब घालायचे असत, आणि एक थेंब घातल्यावर दुसऱ्यासाठी पाच मिनिटे थांबायचे असे. त्या पाच मिनिटांत ते डोळे मिटून, मान मागे टाकून बसत.

निबंधाचा प्रश्न होता. एका मुलीने लिहिले होते: ‘माझे बाबा डबा विसरले की मी तो घेऊन रिक्षा स्टँडवर जाते. ते मित्रांसमोर मला ओळख दाखवत नाहीत पण डबा घेताना माझ्या हातावर दोनदा थाप मारतात.’ मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि आठपैकी सात गुण दिले. मग पुढचे पान उलटले.

इथे एक रीत सांगते. उत्तरपत्रिका तपासून झाली की तिच्यातल्या सगळ्या कोऱ्या पानांवर परीक्षकाने लाल शाईने एक तिरकी रेघ मारायची असते. नंतर कोणी तिथे काही लिहू नये म्हणून. वर्षानुवर्षे हात हे आपोआप करतो. पान उलट, रेघ मार. त्या दिवशी मी पान उलटले, पेन कागदावर टेकवले आणि रेघेऐवजी लिहिले: ‘आई डबा फडक्यात बांधायची तेव्हा गाठ मारताना एक टोक दातांत धरायची. त्यामुळे त्या वेळी तिला काही विचारले तर ती फक्त मानेने उत्तर द्यायची. मी मुद्दाम तेव्हाच विचारायचे, मी येऊ का. नाही म्हणायला तिला टोक सोडावे लागले असते.’ आणि असेच पुढे, अर्धे पान. मग आप्पा म्हणाले, “पाच झाली गं,” आणि मी उठून दुसरा थेंब घातला. परत येऊन मी पुढची उत्तरपत्रिका उघडली. मी काय केले आहे, हे माझ्या लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते देवधर बाईंच्या. त्या आमच्या शाळेच्या पर्यवेक्षिका, पदाने मुख्याध्यापकांच्या खालोखाल. तपासलेल्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी त्या स्वतः करीत, आणि त्यांच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नसे. मंगळवारी त्यांनी मला खोलीत बोलावले. टेबलावर ती उत्तरपत्रिका उघडी होती.

“बसा. हा मजकूर विद्यार्थिनीचा आहे का?”

मी पाहिले आणि माझे कान गरम झाले. “नाही बाई. माझा आहे.”

“असं मलाही वाटलं. विद्यार्थिनीला लाल पेन वापरायला बंदी आहे.” त्यांनी चष्मा काढला. “वीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला रेघ मारायची सवय झाली असेल, अशी माझी समजूत होती.”

“चूक झाली. पान काढून टाकते.”

“पान काढून टाकता येत नाही. उत्तरपत्रिकेची पानं मोजलेली असतात. ‘सदर मजकूर परीक्षकाचा’ असं लिहा, सही करा, मी सही करते. आणि लेखी स्पष्टीकरण द्या.”

मी तिथेच बसून स्पष्टीकरण लिहिले. अनवधानाने, नजरचुकीने, यापुढे असे होणार नाही, हे सगळे लिहून झाल्यावर कारण लिहिणे भाग होते. बराच वेळ पेन थांबले. शेवटी मी खरे तेच लिहिले: ‘मी लिहिते, आणि ते मला त्या वेळी सुचले.’

बाईंनी वाचले. “काय लिहिता?”

“आईवर एक लेख.”

“किती वर्षं?”

“आठ.”

“झालाय?”

“नाही. सुरुवात अकरा वेळा केली.”

“मग ‘मी लिहिते’ असं कशाला म्हणता? ‘मी सुरुवात करते’ असं लिहा, म्हणजे स्पष्टीकरण तरी खरं होईल.” एवढे बोलून त्यांनी कागद फाईलला लावला. मी उठले, तेव्हा त्या उत्तरपत्रिकेकडेच पाहत म्हणाल्या, “हे पान आता कपाटात जाणार. हवं असेल तर घंटा होईपर्यंत उतरवून घ्या.” मग थोड्या वेळाने, खिडकीकडे तोंड करून, “ते टोक दातांत धरण्याचं आमची आईसुद्धा करायची.”

मी उतरवून घ्यायला बसले, आणि उतरवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या अर्ध्या पानात एकही खाडाखोड नव्हती. अकरा सुरुवातींपैकी प्रत्येकीवर मी इतकी दुरुस्ती केलेली होती की मूळ वाक्य शोधावे लागे, आणि इथे काहीच नाही. का नाही? मला आवेश आला होता म्हणून नव्हे. साधे कारण असे की मी निळ्या पेनाने लिहिते आणि लाल पेनाने तपासते. माझ्या हाताला तेच वळण आहे. त्या रविवारी लाल पेन लिहिण्यातच गुंतले होते. तपासायला कोणी मोकळे उरले नव्हते.

गेली आठ वर्षे मी वेळ नाही म्हणत होते, ते खोटे नव्हते. पण जो थोडा वेळ मिळाला, तो सगळा माझ्यातली परीक्षक घेऊन गेली, हेही तितकेच खरे होते. एका वाक्याला लिहायला अर्धे मिनिट लागते. त्याला नापास करायला मी पंधरा मिनिटे घेत होते.

त्या दिवसापासून मी मुद्दाम लाल पेनाने लिहू लागले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. जागा ठरली ती जेवणाचे टेबल, आणि वेळ ठरली ती आप्पांच्या दोन थेंबांमधली पाच मिनिटे. सकाळी साडेपाचला पाच, शाळेतून आल्यावर पाच, संध्याकाळी पाच, जेवणाआधी पाच. पहिला थेंब घालायचा, खुर्ची ओढायची, लिहायचे. आप्पा डोळे मिटून बसलेले असत. त्यांना पेनाचा आवाज येई. एकदा मी लिहिता लिहिता थांबले तर म्हणाले, “लिही लिही. पाचाची सहा मिनिटं झाली तर डॉक्टर काय बघायला येत नाही.”

त्या दिवसांत कितीतरी गोष्टी आपोआप आल्या. खडकीच्या क्वार्टर्सच्या ओळीत एकाच वेळी पेटणाऱ्या शेगड्यांचा धूर. कारखान्याचा भोंगा झाला की पाण्याच्या नळावरचे भांडण मध्येच थांबणे. आईच्या चपलेचा तुटलेला अंगठा, जो ती रोज निघताना दाबून बसवायची. गेटजवळचे चिंचेचे झाड, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या बायका, ज्या एकमेकींशी बोलत पण एकमेकींच्या डब्याकडे पाहत नसत. आत काडेपेटी न्यायला बंदी म्हणून डबा उघडून पाहणारा रखवालदार. यांतले काहीही मी आठवायला बसले असते तर आठवले नसते. एप्रिलच्या अखेरीस लेख संपला.

मी लाल शाईचे ते कागद आप्पांपुढे ठेवले. त्यांनी एक कागद उचलला, जवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे वळवला.

“लाल मला दिसत नाही गं,” ते म्हणाले. “कागद नुसता मळल्यासारखा वाटतोय.”

हे मला सुचायला हवे होते. दुकानातून जाड काळे पेन आणि रुंद ओळींचे कागद आणले आणि मोठ्या अक्षरांत लेख उतरवायला बसले. उतरवणे म्हणजे नुसते उतरवणे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. पण हातात काळे पेन आले, पुढे लाल मजकूर दिसू लागला, आणि परीक्षक बाई पुन्हा खुर्ची ओढून बसल्या. हे वाक्य फार साधे. इथे जरा वजन हवे. पहिले पान चार दिवस चालले. त्याच आठवड्यात आप्पांची तपासणी होती. उजव्या डोळ्यातला गोल आणखी आकसला आहे, असे डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर अरविंद माझ्याशी फार शांतपणे बोलले, आणि ते शांतपणे बोलले की मला भीती वाटते. “अगं, ते रोज सकाळी गॅलरीत खुर्ची उन्हाकडे करून बसतात. विचारत नाहीत. तू हे काय बोर्डाला पाठवतेयस का?”

“थोडं नीट करून दिलं तर...”

“त्यांना नीट नकोय. त्यांना दिसेल तेवढ्यात हवंय.”

त्या दुपारी मी लाल पानावर एक कोरा कागद झाकण म्हणून ठेवला आणि एकेक ओळ खाली सरकवत, पुढची ओळ न पाहता, जशीच्या तशी उतरवली. दोन दिवसांत चौदा पाने झाली. ‘माउली’ कुठेही नव्हती.

आप्पांनी वाचनाची तयारी आधीच केलेली होती. काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्याच्या मधोमध बरोबर एका ओळीएवढी खाच पाडलेली. खाचेच्या कडा इतक्या सरळ की सत्तर ओलांडलेल्या, नीट न दिसणाऱ्या माणसाने त्या कापल्या यावर विश्वास बसू नये. तो पुठ्ठा कागदावर ठेवायचा, खाचेतून दिसणारी एकच ओळ वाचायची, मग पुठ्ठा खाली. सकाळी आठ ते नऊ गॅलरीत ऊन तिरके येई, तेवढा एक तास त्यांना अक्षर लागत असे. सुट्टी सुरू झाली होती. मी आतून भाजी निवडत त्यांच्याकडे पाहत राही. ओठ हलत. कधी एका ओळीवर पुठ्ठा बराच वेळ थांबे. वाचायला वेळ लागतो आहे की वाचून झाले आहे, ते मला ओळखता येत नसे. तुटक्या अंगठ्याच्या ओळीवर ते एकटेच हसले. कधी दिवसाला एक पान, कधी दोन.

अकराव्या पानानंतर एका सकाळी त्यांनी पुठ्ठा ठेवला, उचलला, परत ठेवला. “आज ओळ सरकतीय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाने माझ्याकडे सरकवली.

“घे. तूच वाच. पण सावकाश.”

मी शेवटची तीन पाने वाचली. तेराव्या पानाशी रडू आले आणि थांबले. माझे रडणे त्यांना दिसले की नाही ठाऊक नाही. त्यांनी फक्त पाण्याचा पेला चाचपून माझ्या बाजूला केला आणि मी पुन्हा वाचू लागले. लेखाचा शेवट असा होता: आई डबा घेऊन गेली नसती तर आप्पा उपाशी राहिले असते, म्हणून ती उन्हात जायची, आमच्या घरात प्रेम हा शब्द नव्हता, डबा होता.

आप्पांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाले, “कॅन्टीन होतं की.”

“काय?”

“कारखान्यात कॅन्टीन होतं. पहिल्यापासून. उसळ-भात चांगला मिळायचा.”

“आईला माहीत नव्हतं?”

“न माहीत असायला काय झालं? मीच सांगितलेलं.”

“मग ती कशाला यायची एवढ्या उन्हात?”

रस्त्यावरून आळंदीकडे जाणारी बस गेली, तिचा आवाज आप्पांनी पूर्ण विरू दिला. “घर आठव ना. दोन खोल्या. माझी आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका, तुम्ही चार पोरं. माणूस बोलणार कुठं? गेटवर दहा मिनिटं मोकळी मिळायची.”

“काय बोलायचात?”

“ती विचारायची, काल मीठ बरोबर होतं का. मी म्हणायचो, बरोबर होतं.” मग जरा थांबून, “कधीकधी नसायचं.”

माझ्या हातात पाने होती आणि त्यांचा शेवटच चुकीचा होता. मी टेबलावरचे पेन उचलले. “आप्पा, माझं चुकलं. शेवट दुरुस्त करते.”

“खोडू नकोस,” ते म्हणाले. “तू लहान होतीस. तुला तसं दिसलं, ते राहू दे. माझं खाली लिही.”

म्हणून चौदाव्या पानाच्या तळाशी, जेवढी जागा होती तेवढ्यात, मी त्यांच्याच शब्दांत लिहिले: कॅन्टीन होतं. तिला माहीत होतं. आणि ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली, कारखान्यात मापात बसलेल्या वस्तूकडे पाहून हलवत असतील तशी.

यंदाच्या मार्चमध्ये आप्पांना खिडकीचा उजेड कळतो आणि माणसे आवाजावरून कळतात. वाचन संपले आहे. त्या लेखानंतर मी आणखी काही लेख लिहिले आहेत. ते मी त्यांना वाचून दाखवते आणि ते मध्येच थांबवून माझ्या चुका सांगतात. त्यांतल्या बहुतेक मी खोडत नाही, खाली लिहिते.

आता प्रश्नाचे उत्तर. माझ्या आईवडिलांना भरलेल्या घरात कोणी मोकळी जागा दिली नव्हती. एका रोजच्या कामाच्या नावाखाली त्यांनी दहा मिनिटे मिळवली, आणि त्या दहा मिनिटांत काही मोठे बोलण्याचा आग्रह धरला नाही. भरलेल्या दिवसात लिहू पाहणाऱ्यानेही तेच करावे, असे मला वाटते. आपल्या दिवसात असे एक काम शोधावे ज्यात थांबावेच लागते: दूध तापण्याची वाट, बसची वाट, दोन थेंबांमधली वाट. त्या वेळात येईल ते वाक्य लिहावे. ते त्याच दिवशी तपासू नये. आणि ज्याच्यासाठी लिहितो आहोत, त्याला ते अपुरे असतानाच द्यावे, कारण आपल्याला ठाऊक नसलेला भाग पुष्कळदा त्याच्यापाशी असतो.

हे उत्तर एका घरातून, एका उन्हाळ्यातून आणि एका वाचकावरून काढलेले आहे. एवढ्या पुराव्यावर नियम मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण दिले नसते. म्हणून आपल्याला विनंती आहे, की माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. आठ दिवस आपल्या घरी, आपल्या कामांच्या मध्ये हे करून पाहा, आणि खरे ठरते की नाही ते आपण स्वतः तपासा.